इंजिनातली ठकठक : निदान बरोबर, उपाय चुकीचा

चढावर जोर घेताना काही गाड्यांच्या इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमधली मंडळी त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. या आवाजाचे कारण कसे सापडले, याची हकीकत विज्ञानाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबतो. ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने पसरत जाते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते. पण एका मर्यादेपुढे इंजिन ठकठकू लागते, आणि फार काळ तसेच चालवले तर दट्ट्याला इजा होते.

अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी मोटारींसाठी बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था तयार केली होती. तेव्हा ठकठकीचा आरोप या नव्या व्यवस्थेवरच आला. केटरिंग यांनी १९१६ मध्ये हा प्रश्न टॉमस मिज्ली या तरुण अभियंत्याकडे सोपवला. मिज्ली यांनी सिलिंडरमधल्या दाबाची क्षणाक्षणाची नोंद घेतली. दाब एकदम उसळत होता, पण ठिणगी पडून गेल्यावर, ज्वलन चालू असताना. म्हणजे ठिणगी निर्दोष होती; दोष इंधनाचा होता. ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले तापलेले, दबलेले मिश्रण आपोआप भडकते, हे आज आपल्याला माहीत आहे.

पुढचा भाग वर्गात जरूर सांगावा. इंधन लाल केले तर ते उष्णता अधिक शोषून लवकर वाफ होईल, अशी मिज्ली यांची अटकळ होती. हाताशी लाल रंग नव्हता म्हणून त्यांनी आयोडीन घातले, आणि ठकठक थांबली! इथेच अटकळ सिद्ध झाली असे म्हणता आले असते. पण मग त्यांनी खरे लाल रंग घालून पाहिले. काही फरक पडला नाही. आयोडीनचे रंगहीन संयुग घातले, तर ठकठक कमी झाली. परिणाम रंगाचा नसून पदार्थाचा होता.

आयोडीन महाग पडे, म्हणून शोध चालूच राहिला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. ते अगदी थोडे घातले तरी पुरे होई. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले.

अल्कोहोल मिसळल्यानेही ठकठक थांबते, हे मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. पण ते बरेच मिसळावे लागे आणि कोणालाही तयार करता येई. शिशाच्या संयुगावर मात्र पेटंटमुळे नफा मिळणार होता. शिसे विषारी आहे हेही ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. १९२५ च्या सरकारी परिषदेत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला, तरी पुढच्या वर्षी विक्रीला पुन्हा मोकळीक मिळाली.

पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या रस्त्यांवर धुराबरोबर शिसे पडत राहिले. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की माणसाच्या शरीरातले ‘नेहमीचे’ मानलेले शिशाचे प्रमाण नैसर्गिक नाहीच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली.

मग आता ठकठक कशी आवरतात? तेलशुद्धीच्या सुधारलेल्या पद्धतींनी, आणि बाजूला सारलेल्या अल्कोहोलनेही : भारतातल्या पेट्रोलमध्ये २०२५ मध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल होते. शिवाय नव्या इंजिनांवर एक ‘कान’ बसवलेला असतो. दाब पडला की वीजदाब निर्माण करणारे काही स्फटिक असतात. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. इंजिनाच्या अंगावर घट्ट बसवलेला असा सेन्सर ठकठकीची कंपने टिपतो आणि गाडीतला संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. सेन्सर बिघडला तर बरेच संगणक सावधगिरी म्हणून ठिणगी कायमच मागे ठेवतात. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. तेव्हा कारागिराला ठरवावे लागते, की दोष सेन्सरचा, त्याच्या तारेचा, पेट्रोलचा की इंजिनाचा? यालाही मिज्ली यांचीच रीत लागते : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फरक पाहा.

ही रीत आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. तिच्याने कारण सापडते. पण सापडलेल्या अनेक उपायांतला कोणता घ्यायचा, त्याची किंमत कोण मोजणार, हे ती सांगत नाही. तो प्रश्नही प्रयोगाच्या वहीतच लिहायला हवा.