एल्व्हस्ट्रम, पॉल

(२५ फेब्रुवारी १९२८–७ डिसेंबर २०१६). डॅनिश शिडनौकापटू. एकट्याने हाकायच्या नौकांच्या शर्यतींत १९४८ ते १९६० या काळात सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदके. त्यांचे श्रेष्ठत्व मुख्यतः तयारीत होते. जोरदार वाऱ्यात फिन ही एकट्याने हाकायची नौका कलली की तिचा वेग घटतो. ती सपाट राखण्यासाठी पट्ट्यांत पाय अडकवून धड काठाबाहेर झोकावे लागते. मांड्या भरून आल्या की बहुतेक स्पर्धक आत सरकतात आणि तिथेच मागे पडतात. एल्व्हस्ट्रम यांनी घरी खास बाक करून हा ताण सोसण्याचा कसून सराव केला. त्या काळी शारीरिक तयारीची ही दृष्टी विलक्षणच म्हणावी लागेल. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुलगी त्रिने हिच्यासह टॉर्नेडो या दोघांनी हाकायच्या नौकेच्या प्रकारात ते चौथे आले.