फेरन आणि अकबराची गोष्ट

काश्मीरमध्ये पोस्टिंग झालेल्या बहुतेक फौजींनी ही गोष्ट मेसमध्ये कधी ना कधी ऐकलेली असते. काश्मिरी माणूस पूर्वी लढवय्या होता; अकबराने खोरं जिंकल्यावर त्याला फेरन घालायला लावला, त्या घोळदार झग्यात हात अडकले आणि माणूस मवाळ झाला. गोष्ट चटकदार आहे, पण मला पटत नाही.

१५८५च्या अखेरीस राजा भगवानदास मुघल फौज घेऊन झेलमच्या खोऱ्यातून वर निघाला. थंडी, बर्फ आणि रसदेची टंचाई यांनी फौज इतकी जेरीस आली, की सुलतान यूसुफशाह चकाशी तह करावा लागला. अकबराने तो मानला नाही आणि यूसुफला कैदेत टाकलं. (त्याची कबर बिहारमध्ये बिस्वकला आहे.) ऑक्टोबर १५८६मध्ये कासिमखान श्रीनगरात शिरला, तरी यूसुफचा मुलगा याकूब १५८९पर्यंत झुंजत राहिला. चकांना भोवली ती घरातली फूट. खोऱ्यातल्याच काही बड्यांनी अकबराला बोलावलं होतं. त्यात कपड्यांचा काय दोष?

'फेरन' हा शब्द फारसी 'पैराहन'वरून आला म्हणतात, म्हणजे अंगरखा. पण काश्मीरच्या दरबारात फारसी अकबराच्या कितीतरी आधीपासून होती.

आणि हुकमाने दरबारी पोशाख बदलेल, डोंगरातला मेंढपाळ चारशे वर्षं तो कशाला पाळेल? फेरन टिकला तो थंडीमुळे. वर लोकरीचा, आत 'पूत्स' नावाचा सुती थर, दोन्ही सैल. मधे अडकलेली हवा ऊब धरते. शिवाय आत कांगडी मावते: वेताच्या टोपलीत मातीचं भांडं आणि त्यात निखारे. हात आत ओढून घेतले की बाह्या रिकाम्या लोंबतात. उंचावर जाणाऱ्या जवानाला आपण हेच शिकवतो: थर घाल, सैल घाल. आपल्या पार्कालाही मग बायकी म्हणायचं का?

नाक्यावर मात्र हाच सैलपणा खटकतो, कारण आत शस्त्र लपू शकतं. झडती घ्यावीच लागते. त्यात हयगय नको. पण माणूस कांगडी बर्फावर ठेवून फेरन वर करतो, तेव्हा त्याची सकाळपासूनची ऊब क्षणात जाते. म्हणून आमच्या कंपनीत हिवाळ्यात झडती ताडपत्रीच्या आडोशाला घ्यायचो, आणि कांगडी ठेवायला एक फळी मांडलेली असायची.