स्टालिनवाद : एका संज्ञेचा अर्थ आणि वापर

प्रस्तावना

एखाद्या राजवटीला कोणते नाव दिले जाते, यावर तिच्या कृत्यांची जबाबदारी कोणाकडे जाते हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. 'स्टालिनवाद' ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. सोव्हिएत संघात १९२८ नंतर उभी राहिलेली व १९५३ मध्ये स्टालिनच्या मृत्यूपर्यंत टिकलेली सत्तापद्धती, असा तिचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. एकपक्षीय सत्ता, केंद्रीय नियोजन, शेतीचे सक्तीचे सामूहिकीकरण, गुप्त पोलिसांची दहशत, श्रमछावण्या आणि नेत्याचे दैवतीकरण ही तिची लक्षणे होत. मात्र या पद्धतीचे मूळ कोठे शोधावे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

संज्ञेचा उगम

सोव्हिएत राजवटीची अधिकृत विचारप्रणाली 'मार्क्सवाद-लेनिनवाद' या नावाने ओळखली जाई. 'स्टालिनवाद' ही संज्ञा रुजली ती मुख्यतः विरोधकांच्या लेखनातून. १९२९ मध्ये हद्दपार झालेल्या ट्रॉट्स्कीने १९३० च्या दशकात अशी मांडणी केली की, नोकरशाहीने कामगारवर्गाची सत्ता बळकावली असून स्टालिनवाद हा बोल्शेविक क्रांतीचा विपर्यास आहे. ही मांडणी निर्विवाद नाही. चेका ही गुप्त पोलीस संघटना डिसेंबर १९१७ मध्ये, तर पक्षांतर्गत गटांवरील बंदी १९२१ मध्ये, म्हणजे लेनिनच्याच काळात आली. आणि त्याच वर्षी क्रोनस्टाटच्या नाविकांचा उठाव चिरडला गेला तेव्हा युद्धखाते ट्रॉट्स्कीकडे होते.

व्यक्ती की व्यवस्था?

२५ फेब्रुवारी १९५६ रोजी पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांवर टीका केली. १९३४ मध्ये निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार-सदस्यांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घालण्यात आल्या, हे त्याने सांगितले. परंतु दोषाला त्याने नाव दिले ते 'व्यक्तिपूजा' असे. त्यामुळे पक्ष व व्यवस्था दोषमुक्त राहिली. सामूहिकीकरण आणि १९३२-३३ चा भीषण दुष्काळ यांत बळी पडलेले शेतकरी या टीकेच्या बाहेरच राहिले.

पाश्चात्त्य विद्वानांनी याउलट व्यवस्थेवर भर दिला. हाना आरेन्ट यांनी १९५१ मध्ये स्टालिनची व हिटलरची राजवट 'सर्वंकषवाद' या एकाच संकल्पनेखाली आणली. शीला फिट्झपॅट्रिक आदी सामाजिक इतिहासकारांनी पुढे दाखविले की, कामगार-शेतकऱ्यांची असंख्य मुले याच काळात शिक्षण घेऊन अधिकारपदांवर पोहोचली व राजवटीची आधारस्तंभ बनली. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर दहशतीचे प्रमाणही स्पष्ट झाले : १९३७-३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८१ हजार जणांना मृत्युदंड दिल्याची नोंद आढळते.

मराठी पर्याय

मराठीत 'स्टालिनवाद' व 'स्टालिनशाही' अशी दोन रूपे संभवतात. 'वाद' हा शब्द विचारप्रणाली सुचवितो, तर निजामशाही, हुकूमशाही यांतील 'शाही' प्रत्यक्ष अंमल सुचवितो. 'स्टालिनवाद' म्हटल्यास विचारातील दोष शोधणे प्राप्त होते. 'स्टालिनशाही' म्हटल्यास सत्तेच्या यंत्रणेकडे लक्ष जाते, पण ख्रुश्चेव्हप्रमाणे सारा भार एका व्यक्तीवर टाकण्याचा धोकाही उरतो.

समारोप

साम्यवादी राजवटींसाठी ही संज्ञा सरसकट वापरल्यास ती केवळ निंदावाचक शब्द बनते, आणि एका व्यक्तीपुरती मर्यादित केल्यास आदेश अमलात आणणारी यंत्रणा सुटून जाते. म्हणून अभ्यासकाने ही संज्ञा वापरताना काळ, देश व यंत्रणा स्पष्ट करणे आवश्यक ठरते. बळी गेलेल्यांना न्याय देणारे इतिहासलेखन अशा काटेकोरपणाशिवाय शक्य नाही.