क्रे ते जीपीयू : चित्र घडवणारे यंत्र कोणाच्या परवानगीने?

१/
काही दिवसांपूर्वी इतिहासप्रेमींच्या एका समूहावर रायगडावरील राज्याभिषेकाची आठ सेकंदांची चित्रफीत फिरत होती. सारे दृश्य कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले. वाद रंगला तो पगडी आणि सिंहासन यांवरून. मला मात्र आमच्या विषयाचा पहिला धडा आठवला : दस्तऐवज हाती आला की मजकुराआधी कागद, शाई आणि शिक्का पाहावा. ही चित्रफीत ज्या यंत्रावर घडली, ते यंत्र कोणाच्या ताब्यात असते? आजचा धागा त्या यंत्राच्या इतिहासाविषयी.

२/
आरंभ १९८४ पासून करू. त्या वर्षी 'द लास्ट स्टारफायटर' हा अमेरिकी चित्रपट प्रदर्शित झाला. तोवर पडद्यावरील अंतराळयाने म्हणजे बहुधा लहान प्रतिकृती असत. या चित्रपटातील सुमारे २७ मिनिटांची दृश्ये मात्र 'डिजिटल प्रॉडक्शन्स' या संस्थेने संगणकावर, गणिताच्या बळावर रेखाटली. त्यासाठी वापरलेले यंत्र होते क्रे एक्स-एमपी, त्या काळातील जगातील सर्वांत वेगवान संगणकांपैकी एक.

३/
याच जातीचे यंत्र अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळांतही राबत होते. यानाच्या पत्र्यावर प्रकाश कसा पडेल हे काढणे आणि स्फोटाच्या लाटा कशा पसरतील हे काढणे, यंत्राच्या दृष्टीने दोन्ही आकडेमोडच. त्यामुळे अशा महासंगणकाची विक्री हा निव्वळ व्यापार उरत नाही. तो परराष्ट्र धोरणाचा विषय होतो.

४/
याचा अनुभव भारताने घेतला. १९८०च्या दशकात आपल्याला क्रे हवा होता आणि वाटाघाटी लांबत गेल्या. अखेर मान्यता मिळाली ती एक्स-एमपी-१४ या एकाच प्रक्रियकाच्या, कमी क्षमतेच्या रूपाला. तीही हवामान अंदाजाच्या कामापुरती आणि वापरावर देखरेखीच्या अटी घालून. हॉलिवूडमध्ये ज्या यंत्राने करमणुकीसाठी याने उडवली, त्याच्या धाकट्या भावासाठी दिल्लीला अटी मान्य कराव्या लागल्या.

५/
याच पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाली. नेतृत्व डॉ. विजय भटकर यांचे, मुदत तीन वर्षांची. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. क्रे मोजक्या, अतिशय वेगवान आणि महागड्या प्रक्रियकांवर भिस्त ठेवत असे. परमची वाट निराळी होती : अनेक साधे प्रक्रियक एकमेकांना जोडायचे, मोठे काम लहान तुकड्यांत वाटायचे आणि सर्वांनी ते एकाच वेळी करायचे.

६/
येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण गौरवगाथांत ती हमखास गळते. परममधील प्रक्रियक भारतीय नव्हते. ते 'ट्रान्सप्युटर' होते, ब्रिटनच्या 'इनमॉस' कंपनीचे. आपल्या अभियंत्यांचे कर्तृत्व होते ते जोडणीत, रचनेत आणि त्यावर चालणाऱ्या प्रणालींत. हे कर्तृत्व लहान नाही. पण चिप बाहेरचीच होती, ही नोंद कर्तृत्वाइतकीच महत्त्वाची आहे.

७/
काम वाटून घेण्याचे हेच तत्त्व पुढे एका अनपेक्षित ठिकाणी फळाला आले : मुलांच्या खेळात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका बहुतांशी स्वतंत्रपणे रंगवता येतो, म्हणून संगणकीय खेळांसाठी असंख्य छोटी गणिते एकाच वेळी करणाऱ्या चिप बनू लागल्या. १९९९ मध्ये एन्व्हिडियाने 'जीफोर्स २५६' बाजारात आणताना तिला 'जीपीयू' म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

८/
२००६ मध्ये याच कंपनीने 'कुडा' जाहीर केले आणि ग्राफिक्स कार्डावर चित्राखेरीज इतर गणितेही करणे सोपे झाले. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील तिघा संशोधकांनी प्रतिमा ओळखणारे 'अ‍ॅलेक्सनेट' हे जाळे दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, पाच-सहा दिवसांत शिकवून तयार केले. प्रत्येक कार्डाची स्मृती ३ जीबी. खेळासाठी विकत मिळणाऱ्या या कार्डांनी संशोधनाची दिशा पालटली.

९/
मग आज चित्रफितीला एवढे प्रचंड यंत्रबळ का लागते? हिशेब करून पाहा. १९२० × १०८० आकाराच्या एका चौकटीत २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाचे तीन रंग आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर एका सेकंदाला सुमारे १५ कोटी आकडे होतात. आठ सेकंदांचा राज्याभिषेक म्हणजे जवळपास १२० कोटी आकडे.

१०/
एवढे आकडे थेट हाताळणे परवडत नाही, म्हणून बहुतेक प्रणाली चित्रफितीच्या संक्षिप्त रूपावर काम करतात. आरंभी असतो निव्वळ गोंगाट, जुन्या दूरदर्शन संचावरच्या मुंग्यांसारखा. तो पायरीपायरीने निवळत दृश्य उमटते, आणि प्रत्येक पायरीला संपूर्ण प्रणाली नव्याने चालवावी लागते. शिवाय पहिल्या सेकंदातील पगडी आठव्या सेकंदात बदलू नये, यासाठी प्रत्येक भागाची इतर सर्व भागांशी तुलना होते. लांबी दुप्पट केली की या तुलना चौपट होतात.

११/
फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने 'सोरा' दाखवली तेव्हा मिनिटभराच्या चित्रफितींनी जग थक्क झाले. वर्षभराने अलीबाबाने 'वान २.१' ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्या मोठ्या आवृत्तीत १,४०० कोटी आकडे साठवलेले आहेत. प्रत्येकाला दोन बाइट धरले तरी ते नुसते स्मृतीत ठेवायला २८ जीबी लागतात. माझ्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डात आहेत ४ जीबी. डेटा सेंटरमधील एका एच-१०० मध्ये ८० जीबी. विद्या खुली झाली, यंत्र खुले झाले नाही.

१२/
हे यंत्र पुन्हा परवानगीच्या फेऱ्यात आले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने अशा प्रगत चिप चीनला विकण्यावर निर्बंध घातले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमात देशांच्या तीन श्रेणी होत्या. भारत मधल्या श्रेणीत, म्हणजे किती चिप मिळतील यावर मर्यादा. अंमल सुरू होण्याआधीच, मे २०२५ मध्ये, तो नियम मागे घेतला गेला. पण क्रेची कहाणी ठाऊक असणाऱ्याला तो ओळखीचा वाटल्यावाचून राहिला नसेल.

१३/
मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'इंडियाएआय' मोहिमेसाठी १०,३०० कोटी रुपयांहून अधिक निधी मंजूर केला. १०,००० हून अधिक जीपीयू उपलब्ध करणे हे त्यातील एक उद्दिष्ट. पाऊल आवश्यक आहे. परंतु एच-१०० सारख्या चिपची रचना होते अमेरिकेत आणि ती घडते तैवानमध्ये. १९९१ मधील ती गळलेली नोंद येथे पुन्हा वाचावी : जोडणी आपली, चिप दुसऱ्याची.

१४/
आता त्या आठ सेकंदांकडे परत येऊ. त्यातली पगडी चुकीची असेल, तर ती चूक जाणकार दाखवून देतील. पण आपल्या भूतकाळाची चित्रे यापुढे ज्या यंत्रांवर घडणार, ती कोणाकडे असावीत आणि कोणी नाकारू शकावीत, हा प्रश्न नुसत्या पगडीच्या वादात विरून जातो. पुढच्या वेळी अशी चित्रफीत आली, तर 'हे खरे आहे का?' हे जरूर विचारा. त्याच्या जोडीला, दस्तऐवज पारखावा तसे हेही विचारा : कागद कोणाचा, आणि शिक्का कोणाचा?