कैलुआचा वारा, 1977

आषाढातला वारा सुटलाय. ढग राहात्यावरून नुसते धावताहेत, पडायचं नाव नाही. आपला मुलूख पर्जन्यछायेतला, त्यामुळे पावसाचा वाटा कमी, पण वाऱ्याचा पुरेपूर. याच जिल्ह्यात सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या रोवल्या त्या ह्याच वाऱ्याच्या भरवशावर. तुम्ही गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या भरावावर उभे आहात. पेरूच्या बागांच्या फांद्या एकाच दिशेला लवताहेत आणि पाठीवर बसणारा झोत तुम्हाला नको असताना एक पाऊल पुढं टाकायला लावतोय.

टाका. ते पाऊल 1977 सालात पडू द्या.

मागं राहिलेलं राहाता आता तालुक्याचं ठिकाण नाही, कोपरगाव तालुक्यातलं गाव आहे. आणीबाणी मार्चमध्येच उठलीय, मुंबईत वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झालेत. तुम्ही मात्र पूर्वेकडं निघालात आणि पृथ्वीचा जवळपास तिसरा हिस्सा ओलांडून गेलात. उत्तर-दक्षिण असं फारसं सरकावं लागलं नाही: राहाता साधारण 19.7 अंश उत्तर अक्षांशावर, तुम्ही पोचलात ते 21.4 वर. घड्याळ तेवढं साडेपंधरा तास मागं घ्या.

पायाखाली पांढरी, पिठासारखी मऊ वाळू. मागं सुरूची झाडं, अगदी कोकणातल्या किनाऱ्यावर असतात तशीच, आणि त्यांच्याही मागं कोओलाऊ डोंगरांची हिरवी उभी भिंत. हे हवाई बेटांमधल्या ओआहूवरचं कैलुआ. डोंगरांपलीकडच्या सखल भागात ऊस उभा आहे आणि साखर कारखाने चालू आहेत. गणेशनगर-प्रवरानगरच्या माणसाला इथं परकं वाटू नये म्हणून सांगितलं. शाळेच्या भूगोलात घोकलेले ईशान्य व्यापारी वारे आठवतात? पुस्तकातल्या नकाशावर ते बाणांनी दाखवलेले असत. इथं त्यातला एक बाण तुमच्या तोंडावर वाळू फेकतोय. वेग वीसेक नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर. झोत आला की त्याहून जास्त.

वाळूवर पाच-सात जणांचं टोळकं आहे. कुणाच्या हातात दोरी, कुणाच्या तोंडात स्क्रू. मधोमध आडवी पडलीय ती विंडसर्फिंगची बारा फुटी फळी. एका टोकानं उचलून बघा. खांदा भरून येतो. ही फळी शांत तळ्यात, हलक्या वाऱ्यात, कुटुंबानं रविवारी मजा करावी म्हणून बनवलेली आहे. ह्या पोरांनी तिला ह्या समुद्रात आणलंय, आणि आज त्यांना तिच्यासकट हवेत उडायचंय.

रचना समजून घ्या, पाण्यात गेल्यावर वेळ मिळणार नाही. फळीवर डोलकाठी, तिला पाचेक चौरस मीटरचं शीड, आणि शिडाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन आलेला लाकडी दांडा, म्हणजे बूम. डोलकाठी फळीत घट्ट रोवलेली नाही. तळाशी सांधा आहे, त्यामुळं ती कुठल्याही दिशेला कलते. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्यामधल्या शाफ्टला जो क्रॉस असतो, तत्त्व तेच. सुकाणू नाही. शीड पुढं कललं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागं कललं की वाऱ्याकडं. डोलकाठीला आधार द्यायला ताण नाहीत, खुंट्या नाहीत. सगळा आधार तुमचे दोन हात.

ही कल्पना कुणाची, यावरून पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या थोडक्यात उरकतो. कॅलिफोर्नियातले विमान-अभियंता जिम ड्रेक आणि उद्योजक हॉइल श्वाइत्झर यांनी 1968 साली पेटंटचा अर्ज केला. त्याआधी 1965 मध्येच पेनसिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बी यांनी आपली शिडाची फळी ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात कृतीसकट छापून टाकली होती, पेटंट न घेता. आणि इंग्लंडात 1985 साली न्यायालयानं श्वाइत्झर यांचं पेटंट रद्द ठरवलं, त्यात पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसानं 1958 साली, बारा वर्षांचा पोरगा असताना, हेलिंग बेटाजवळ जोडून चालवलेली फळी हा मोठा पुरावा ठरला. माझं मत विचाराल तर पेटंटच्या या सगळ्या कागदांत ह्या किनाऱ्यावर चाललेल्या गोष्टीचा मागमूसही नाही. फळी कुणीही शोधलेली असो, तिला उडायला लावलं ते इथं.

चला, पाण्यात.

विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण हे पाणी उभं राहू देत नाही. फळीवर चढा. शीड पाण्यात पडलंय, त्याची दोरी धरा आणि पाठ मोडेस्तोवर ओढा. शिडावर पाणी साचलेलं असतं, म्हणून सुरुवातीला ते हलतच नाही. मग एकदम सुटतं, वारा भरतो, आणि तुम्ही पलीकडच्या बाजूला पाण्यात. पुन्हा. पुन्हा. मधेच निळसर फुग्यासारखा समुद्री जीव तरंगत येतो, त्याला हात लावू नका, तो डसतो. व्यापारी वाऱ्यांबरोबर हे फुगेही किनाऱ्याला लागतात.

कधीतरी शीड हातात राहतं. दांडा छातीजवळ घ्या, गुडघे वाकवा, बूड मागं टाका. फळी सरकते, वेग घेते आणि मग काहीतरी होतं जे हलक्या वाऱ्यात कधी होत नाही. नाक वर येतं, पाण्याचा विरोध अचानक कमी होतो आणि फळी पाण्याला कापत न जाता त्याच्यावरून घसरत सुटते. तळव्यांखाली खडखड. इथंच मधली पाती आडवी येते. फळीच्या पोटातून खाली उतरलेली ही लांब पाती हलक्या वाऱ्यात तुम्हाला बाजूला वाहून जाऊ देत नाही. जोराच्या वाऱ्यात तीच फळीला एका कडेवर उभी करते आणि तुम्हाला फेकते. टोळकं काय करतं बघा: भर वेगात पाती उपसून काढतात आणि तिच्या पट्ट्यानं दंडाला लटकवतात. दंडावर लाकडाची पाती, दोन्ही हातांत शीड, समोर लाट. हा त्यांचा आजचा पोशाख.

समोर पोपोइआ, म्हणजे सपाट, बुटकं बेट, किनाऱ्यापासून हाकेच्या थोडंच पलीकडं. समुद्रपक्षी तिथल्या बिळांत घरटी करतात. त्याच्या कडेच्या खडकाळ उथळावर लाटा उभ्या राहून फुटतात, आणि उडी मारायची ती तिथं. जागा हुशारीनं निवडलीय. वारा समुद्राकडून तिरका किनाऱ्यावर येतो. डोलकाठी मोडली तरी वारा तुम्हाला वाळूवर आणून टाकेल, भर समुद्रात नेणार नाही. आणि डोलकाठ्या मोडतात, वरचेवर मोडतात.

पहिला निघाला. काठावर पाय घट्ट रोवून तो लाटेच्या सगळ्यात उभ्या भागाकडं तिरका जातो. लाट फुटायच्या बेतात असते तेव्हाच ती चढण असते. आधी गेलात तर नुसता उंचवटा, उशिरा गेलात तर फेसाची भिंत. माथ्यावर तो किंचित वाऱ्याकडं वळतो, फळी लाटेवरून निसटते आणि बारा फूट लांबीचं ते धूड सबंध हवेत. क्षणभर. मग वारा फळीच्या पोटाखाली शिरतो आणि माणूस व फळी एकमेकांना सोडून जातात. माणूस एकीकडं, फळी उलटीपालटी दुसरीकडं. किनाऱ्यावर सगळे आरोळी ठोकतात. तो डोकं वर काढतो ते हातानं झाकून, कारण फळी नक्की कुठं पडणार हे कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरा. तिसरा. तीच गत. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाच्या पावलाला खोक पडली. तुमचा नंबर येतो आणि तुमचंही तेच होतं, फक्त आरोळी जरा मोठी होते, कारण नवा गडी आहे.

दुपारी सुरूच्या सावलीत बसल्यावर या शाळेची रीत कळते. मास्तर नाही, पुस्तक नाही. कारण हे आधी कुणी केलेलंच नाही. एक जण पडला की बाकीचे तो का पडला यावर भांडतात. हात आधी सुटला की पाय? फळीचं नाक वाऱ्यानं उचललं की त्यानं स्वतः मागं भार दिला? पडणाऱ्याला स्वतःची उडी दिसत नाही, ती इतरांना दिसते. एकट्यानं ही विद्या शिकायला किती वर्षं लागली असती देव जाणे. भांडणाचा निकाल लागला की हत्यारं निघतात. हात भरून येतात म्हणून छातीला बांधायचा हुकाचा पट्टा आला, तो दांड्यावरच्या दोरीत अडकवला की वाऱ्याची ओढ हातांऐवजी अंगावर येते. जोराच्या वाऱ्यासाठी लहान शीड. पातीचा आकार बदलून बघायचा. पडझड आधी, अवजार मागाहून, असा हा क्रम.

या मंडळींतली दोन नावं लक्षात ठेवा, लॅरी स्टॅन्ली आणि माइक होर्गन. पाय फळीवर टिकवायचे तर पायांना धरायला काहीतरी हवं, हा विचार करून 1977 साली इथंच फळीवर पायपट्टे बसले. बघायला गेलं तर किरकोळ गोष्ट: जाड विणीच्या पट्टीची कमान, दोन टोकांना स्क्रू. पाऊल आत सरकवायचं, अडकून राहणार नाही इतपत सैल. फळीला पाय बांधणं म्हणजे मोडून घेणं, असं तुम्हालाही वाटतंय ना? पाय आत आणि फळी उलटली तर? ही धास्ती रास्त आहे. पट्टा घट्ट असेल तर घोटा खरंच जातो. म्हणून बोटांपासून पावलाच्या मध्यापर्यंतच आत, टाच बाहेर.

दुपारचा वारा वाढलाय. पट्टे बसवलेली फळी तुमच्याकडं सरकवली जाते.

आता घाई नको. आधी वेग घ्या, मग पुढचं पाऊल पट्ट्यात, मग मागचं. लाट हेरा. पुढं फेसाळलेली एक जाऊ द्या, तिच्या मागची घ्या. चढणीवर गुडघे सैल. माथा आला की पुढच्या पावलानं फळीचं नाक वर ओढा, मागचा पाय दुमडून टाच बुडाखाली घ्या, म्हणजे फळी तुमच्याखाली गोळा होऊन येईल. आणि मागचा हात ओढलेला ठेवा. हे सगळ्यात अवघड. जमीन सुटली की जीव म्हणतो, हात सोड. सोडलात की शिडातला वारा गेला, आणि तुम्ही धोंड्यासारखे खाली. शीड ओढून धरलंत तर ते डोक्यावर कलून पंखाचं काम करतं, वारा फळीच्या तळाला तोलतो.

आवाज थांबतो. खडखड नाही, पाण्याचा मार नाही, फक्त कानातला वारा. खाली तुमचीच सावली पाण्यावरून सरकताना दिसते. डावीकडं मोकुलुआची जुळी बेटं, की उजवीकडं? वळून बघायला उसंत नाही. फळी अजून पायाला आहे! मग पाणी येतं. आधी शेपूट टेकू द्या. सपाट आपटलात तर सगळा दणका घोट्यांत आणि कमरेत जातो. शेपूट, गुडघे, लगेच नाक वाऱ्यापासून वळवा. फळी पुन्हा घसरू लागते आणि तुम्ही तिच्यावर उभे असता. किनाऱ्यावरून ओरडणं ऐकू येतं, पण थांबून ऐकायला पुढची लाट वेळ देत नाही.

याच किनाऱ्यावर चौदा वर्षांचा एक सडपातळ पोरगा राहतो. रॉबी नेश. गेल्या वर्षी, 1976 साली, तेराव्या वर्षी तो बहामात जगज्जेता झालाय. मोठ्यांचं पाहून तो शिकला, आणि पुढची दोन दशकं मोठे त्याचं पाहून शिकले. पायपट्टे पुढच्याच वर्षी कारखान्यात बनलेल्या फळ्यांवर दिसू लागले. फळ्या आखूड होत गेल्या, मधली पाती जवळपास गेलीच, पाण्यात बसूनच शिडाच्या जोरावर उठायची युक्ती सगळ्यांनी उचलली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हवेत सबंध कोलांटी घेणारे निघाले. त्या सगळ्यांचे पाय पट्ट्यात होते.

आजच्या वर्षात परतलात की लगेच मुळा धरणावर फळी घेऊन जाऊ नका. जलाशयाला वारा आहे, पण उडीला चढण लागते ती लाटेची, आणि कडेला हाक मारणारं, बुडणाऱ्याला ओढून काढणारं माणूस लागतं. गोव्यात मार्च ते मेच्या दुपारी समुद्रावरून वारा येतो, पावसाळ्यात समुद्र बंद. तिथं शिकवणाऱ्याकडं आधी उभं राहायला शिका, मग वळायला, मग पाण्यातून उठायला. लाइफ जॅकेट अंगावर, आणि एकट्यानं कधीच नाही. देशात हा खेळ अगदीच नवखा राहिलेला नाही: 2023 साली हांगझोउ आशियाई स्पर्धेत इबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिलं.

ते पदक शर्यतीचं होतं. ऑलिंपिकमध्येही विंडसर्फिंग 1984 च्या लॉस एंजेलिसपासून आहे, आणि तिथंही पदक शर्यतीचंच मिळतं. उडीला तिथं आजवर एकही गुण नाही.