सहा वायरी आणि एक बंद खोकं

ट्रान्समीटरचं मागचं झाकण उघडलं आणि बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “याचं सर्किट कुठाय?”

सांगलीत बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या उमेदीत बऱ्याच रेडिओंसोबत सर्किटचा नकाशा यायचा, कधी तो झाकणाला आतून चिकटवलेला असायचा. माझ्या हातातल्या चिनी ट्रान्समीटरसोबत मात्र फक्त एक मोडक्या इंग्रजीतली पुस्तिका आली होती.

ही गोष्ट २०१७ची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सीनियरकडून जुना टर्निजी ९एक्स घेतला होता. रिमोटवर उडणारी विमानं चालवायचा हा ट्रान्समीटर. एकाच ट्रान्समीटरवर आम्ही दोन विमानं उडवायचो आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळ्या मेमरीत ठेवायचो. एका रविवारी मी चुकीची मेमरी निवडली. त्यात एलेव्हेटर उलटा होता. विमान वर घ्यायला काडी मागे ओढली, तर ते नाक खाली करून थेट जमिनीत घुसलं. तीन महिन्यांची मेहनत चार सेकंदांत संपली. उडवण्याआधी पाती हलवून बघायची असतात, ती मी बघितली नव्हती. चूक माझीच. पण मेमरी बदलल्यावर ट्रान्समीटर मला ओरडून सांगू शकला असता, हेही खरं. तो ओरडू शकेल का, हे शोधताना मला या छंदाचा सगळा इतिहास सापडला.

सुरुवात होते १८९८पासून. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्यातली एक छोटी बोट वायरीशिवाय वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला ६१३,८०९ क्रमांकाचं पेटंट मिळालं. १९३७ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

पुढची अनेक दशकं खरी अडचण होती ती लहरींची. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ, ब्रिटनमध्ये ३५. एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस उडवू शकायचा. दुसऱ्याने त्याच चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केला, की पहिल्याचं विमान गेलंच. म्हणून मैदानावर एक फळी असायची, त्यावर चॅनेलचे आकडे आणि चिमटे. आपल्या आकड्याचा चिमटा हातात असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लाकडी फळीवरचा म्युटेक्स लॉक!

ही फळी गेली २.४ गिगाहर्ट्झमुळे. साधारण २००५नंतर असे ट्रान्समीटर बाजारात आले. यातले बरेचसे एका लहरीवर ठाण मांडून बसत नाहीत. रिसीव्हरशी आधीच ठरलेल्या क्रमाने ते उड्या मारत राहतात. उड्या मारण्याची कल्पना मात्र जुनी. १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी टॉर्पेडोसाठी असंच पेटंट घेतलं होतं, पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ लहरींचं. भारतातही २.४चा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला.

मग आला ९एक्स. स्वस्त, पाठीवर रेडिओ मॉड्यूल बदलायची सोय आणि आत एटमेगा६४ ही आठ-बिटी चिप. प्रोग्रामसाठी जागा ६४ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. मूळ सॉफ्टवेअर ओबडधोबड होतं. पण २०१०च्या आसपास छंदिष्ट प्रोग्रामरांनी या चिपसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. ईआर९एक्स, त्यानंतर ग्रुविन९एक्स, त्यातून ओपन९एक्स, आणि त्याचंच पुढे ओपनटीएक्स झालं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्याची फांदी काढून पुढे न्यायचं. जुन्या ९एक्सच्या खोक्यात बसेल असा ३२-बिटी बोर्डही कुणी बनवला.

अडचण एकच होती. हे सॉफ्टवेअर घालायला ट्रान्समीटरला यूएसबी नव्हतं. सर्किट बोर्डवर सहा बारीक वायरी सोल्डर करून त्या प्रोग्रामरला जोडायच्या. शिवाय मूळ सॉफ्टवेअर चिपमध्ये कुलूपबंद, त्याची कॉपी काढता येत नाही. एकदा पुसलं की परतीचा रस्ता बंद.

मला कोड वाचता येत होता, सोल्डरिंग येत नव्हतं. बाबांचं उलटं. नकाशा बघून ते हसले, “म्हणजे सर्किट आहे की! कंपनीने नाही दिलं, लोकांनी काढलं.” भिंग लावून त्यांनी सहा वायरी जोडल्या. मी कमांड दिली. स्क्रीन कोरी झाली. पुन्हा दिली, तरी कोरीच. बाबांनी माझ्याकडे न बघता मल्टीमीटर उचलला, एक वायर हलकेच दाबली आणि म्हणाले, “ही धरली नव्हती. आता दे.” स्क्रीन उजळली आणि तिने काड्या कॅलिब्रेट करायला सांगितलं. बाबांना ते सॉफ्टवेअर काय करतं ते कळलं नव्हतं. पण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी सगळं काम सोडून तो ट्रान्समीटर दाखवला.

२०१३ साली फ्रस्कायचा टॅरानिस ओपनटीएक्स घेऊनच बाजारात आला. छंदिष्टांचं सॉफ्टवेअर कंपनीच्या डब्यात जाऊन बसलं. २०२१मध्ये ओपनटीएक्समधून एजटीएक्स ही नवी फांदी फुटली. टेस्लाच्या बोटीला फक्त हुकूम ऐकता यायचा. आता विमान उलट उत्तरही देतं. बॅटरीचा व्होल्टेज, सिग्नलची ताकद, सगळं खाली कळवतं.

नोकरी लागल्यावर मीही एजटीएक्सचा ट्रान्समीटर घेतला. त्याच्या मेमरी कार्डात आवाजाच्या फाइली असतात, आपल्याला हव्या त्या घालता येतात. माझं विमान निवडलं की त्याचं नाव बाबांच्या आवाजात ऐकू येतं. बॅटरी उतरली की तोच आवाज म्हणतो, “बास झालं, खाली ये आता.” मैदानावर सगळे हसतात. पण तेव्हापासून चुकीच्या मेमरीवर मी एकदाही उड्डाण केलेलं नाही.

जुना ९एक्स दुकानातच आहे. मागच्या दिवाळीत धूळ पुसायला तो उघडला. झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. बाबांच्या हातचा नकाशा, सहा वायरी, सहा रंग. खाली तारीख आणि एक ओळ: पाचवी वायर सैल होते, आधी ती तपासणे.