हृदयाच्या कृत्रिम झडपेचा इतिहास

हार्ट अटॅक येतो तो हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे. मग झडप कशी काय बिघडते?

हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये मिट्रल झडप असते. तिचे पडदे बारीक दोऱ्यांनी खालच्या कप्प्यातल्या स्नायूंना बांधलेले असतात. अटॅकमध्ये असा स्नायू निकामी होऊन तुटला, तर पडदे चांगले असूनही झडप नीट मिटत नाही. रक्त उलटे फुफ्फुसांकडे जाते आणि रुग्णाला अचानक प्रचंड धाप लागते. हे बहुधा अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात घडते. एकेकाळी असा रुग्ण सहसा वाचत नसे.

1958 साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त इंजिनिअर डॉ. अल्बर्ट स्टार या तरुण सर्जनना भेटले. एडवर्ड्सना कृत्रिम हृदय बनवायचे होते. स्टार यांनी सुचवले की, सुरुवात झडपेपासून करू. त्यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप तयार केली. रक्त पुढे जाताना चेंडू सरकतो, मागे येऊ लागले की भोक बंद करतो. ऑगस्ट 1960 मधली पहिली रुग्ण काही तासांतच दगावली. सप्टेंबरमधला 52 वर्षांचा रुग्ण मात्र पुढे दहा वर्षे जगला. 1965 साली डॉ. जेराल्ड ऑस्टिन व सहकाऱ्यांनी अटॅकने स्नायू तुटलेल्या रुग्णाची झडप यशस्वीपणे बदलल्याचे प्रसिद्ध केले.

पण एक अडचण उरलीच. रक्त परक्या वस्तूवर गोठते. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून धातूच्या झडपेसोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभरासाठी आली. फ्रान्सच्या डॉ. अलेन कार्पेंतिए यांनी डुकराच्या झडपेवर रासायनिक प्रक्रिया करून ती माणसासाठी टिकाऊ केली. तिला ही गोळी सहसा कायम लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते, तरुणांमध्ये लवकर.

आपल्याकडे परदेशी झडपा महाग पडत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने स्वदेशी झडप बनवायला घेतली. आधीची मॉडेल्स चाचण्यांत फसली. अखेर 6 डिसेंबर 1990 रोजी चित्रा झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली.

एवढ्या वर्षांत झडपांचे आकार बदलले, पण धातूच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका गेलेला नाही. तेव्हा "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आय.एन.आर. तपासणी वेळेवर करा. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. अटॅकनंतर घरी आलेल्या माणसाला अचानक धाप लागली, तर तो अशक्तपणा समजून थांबू नका. त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या. तुटलेल्या स्नायूवर आज ऑपरेशन होऊ शकते, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला हवा.